दोन हाका

साडेअकरा वाजून गेले तरी पास्टर आले नव्हते, आणि कौशल्याबाईंचा जीव घड्याळात अडकला होता. जे काय बोलायचं ते साडेबाराच्या आत बोलून सगळे आपापल्या घरी गेले की सुटलो, असं त्यांना झालं होतं. तसं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कारण विचारलं असतं, आणि कारण त्यांनी सात वर्षं पोटात ठेवलं होतं.

नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतला, चौथा दिवस होता. हुडकेश्वरच्या त्या गल्लीत दहा वाजल्यापासून चिटपाखरू दिसत नव्हतं. हॉलमध्ये कूलर घरघरत होता आणि त्याच्या पुढची जागा यमुताईंनी येताक्षणीच पटकावली होती. यमुताई म्हणजे कौशल्याबाईंची नणंद. कामठीहून आल्या की त्या आधी थंड जागा शोधायच्या आणि मग भांडणाचा विषय. आज विषय शोधायची गरज नव्हती, तो त्या सोबतच घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, खुर्ची तरी इकडं फिरव ना वं. फाटकाकडं तोंड करून काहून बसून राहिली? आमी काय तुह्या पाठीसोबत बोलाचं?"

"मले इथूनच ऐकू येते," कौशल्याबाई म्हणाल्या.

"ऐकू येते, पण मानत कुठं? सुधाकर सर महिनाभर थांबले हायेत. बिचारा मानूस विधुर, शाळेत मास्तर, चर्चच्या मंडळीत सगळे मान देतात. थो काय जलमभर थांबन?"

"थांबनारा थांबते, ताई. ज्याले घाई हाय त्यानं दुसरीकडं पाहावं."

"घाई!" यमुताईंनी पदराने कपाळ पुसलं. "सात वर्षाले घाई म्हणते ही बाई!"

स्वयंपाकघराच्या दारात रितिका सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याबद्दल चाललेलं बोलणं तिने ऐकलं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. कौशल्याबाईंची ही धाकटी सून. सात वर्षांपूर्वी असल्याच नवतपात तिचा नवरा जितेंद्र सकाळी दहाला कामावर म्हणून निघाला आणि परत आला नाही. चार दिवसांनी त्याची मोटारसायकल रामटेककडच्या तलावाकाठी सापडली, स्टँडवर नीट लावलेली. माणूस सापडला नाही, त्याचं काही सापडलं नाही. मागच्या महिन्यात कोर्टाने त्याला मृत मानल्याचा कागद दिला. तो कागद ज्या कपाटात ठेवला, त्या कपाटाकडे कौशल्याबाई जाईनाशा झाल्या होत्या.

कोर्टाचं काम झालं, मंडळीची हरकत नव्हती, सुधाकर सर तयार होते. अडलं होतं ते एकाच गोष्टीपाशी. कौशल्याबाईंचे सासरे कवडूबाबा, या घराण्यात पहिला बाप्तिस्मा घेतलेले, एक रीत घालून गेले होते. ते म्हणायचे, "एक हाक मनाची, दुसरी जनाची, तिसरी देवाची. तिसरी आल्याबिगर उठाचं नाही." तेव्हापासून या घरात लग्न असो की जागेचा सौदा, तिसऱ्या हाकेसाठी सगळे प्रार्थना करत थांबायचे. नातेवाईक त्यावरून थट्टाही करायचे. या घरी कूलर यायला तीन उन्हाळे लागले, कारण देवाने दोनदाच हाक मारली होती, असं यमुताई अजून सांगायच्या.

रितिकाच्या बाबतीत मनाची हाक आली होती. जनाचीही आली होती. आणि जितेंद्र गेला त्या आठवड्यात तिने सासूच्या हातात हात देऊन शब्द दिला होता, की तिसरी हाक आल्याशिवाय, आणि ती आली असं आईंनी म्हटल्याशिवाय, मी या घरातून पाऊल उचलणार नाही. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. शब्द द्यायला काही लागत नाही, तो पाळायला आयुष्य लागतं.

फाटकाची कडी वाजली. कौशल्याबाई अर्ध्या उठल्या. मोठा मुलगा मधुसूदन पास्टरांना गाडीवर मागे बसवून घेऊन आला होता. पास्टर शांतवन मूळचे नगरकडचे, नागपूरच्या उन्हाला अजून सरावलेले नव्हते. त्यांनी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, आत येऊन दोन ग्लास पाणी प्यायलं आणि मग सगळ्यांना जय ख्रिस्त घातला.

घड्याळात बाराला दहा कमी होते.

●

मधुसूदनला आज हे संपवायचंच होतं. रितिकाची त्याला कीव येत होतीच, पण त्याहून आईची भीती वाटू लागली होती. रोज दुपारी साडेबारा वाजता आई खुर्चीत ताठ बसते, ओठ हलत नाहीत, डोळे फाटकावर. पाच मिनिटांनी घामाने भिजून उठते आणि कामाला लागते. त्याच्या बायकोने दोनदा पाहिलं होतं. शेजारच्यांचा कुत्राही त्या वेळेला फाटकाजवळची सावली सोडून उन्हात जाऊन बसतो, असं ती सांगायची. मधुसूदन तिला हसायचा. दिवसा हसायचा आणि मग रात्रभर त्याला झोप यायची नाही.

"पास्टर, तुम्हीच सांगा आईले," तो म्हणाला. "देव काय टपालानं सांगन का? कोर्टाचा कागद आला, मानूस चांगला भेटला. हीच हाक नाही का?"

"असू शकते," पास्टर जपून म्हणाले. "पण देवाची वेळ आपण ठरवू नये, हेही खरं. शास्त्रात एक राजा आहे. संदेष्टा यायला उशीर झाला म्हणून त्याने स्वतःच होम करून टाकला. राख विझायच्या आत संदेष्टा पोचला. थोड्यासाठी त्याचं राज्य गेलं."

"पाहा," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पण कौशल्याबाई, थांबायचं कशासाठी हेही माणसाला ठाऊक पाहिजे. तुम्ही नेमकी कशाची वाट बघता?"

कौशल्याबाईंनी फाटकाकडे पाहिलं. त्यांनी तीस वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं होतं. त्यांचा आवडता धडा एकच, मंदिरात झोपलेल्या लहान मुलाला देव हाक मारतो तो. मुलगा उठून म्हाताऱ्या याजकाकडे धावतो, याजक म्हणतो मी नाही बोलावलं. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याला उमगतं की ही हाक कोणाची. मुलांना त्या विचारायच्या, कितव्या हाकेला उमगलं? आणि सगळा वर्ग ओरडायचा, तिसऱ्या!

"वहिनीले कोनी काय सांगावं?" यमुताई म्हणाल्या. "मी म्हणते आता प्रार्थना करू, अन् रविवारी चर्चात लग्नाची पहिली घोषणा वाचून टाकू. देवाले नाही पटलं त देव अडवनच. तीन रविवार हायेत त्याच्यापाशी."

"बरोबर," मधुसूदन म्हणाला. "रितिका, तुले काय वाटते? आज बोल, लाजू नको."

रितिकाने सासूकडे पाहिलं. "आई म्हणतील तसं, भाऊजी."

"हे पाहा! आई म्हणतील! अन् आई म्हणते देव म्हणन!" मधुसूदनचा आवाज चढला. "आई, आज मले सरळ सांग. तुले हिचं लग्न होऊ द्याचं नाही, म्हणून तू देवाचं नाव पुढं करून राहिली. हो का नाही?"

आईला असं बोलायला नको होतं, हे मधुसूदनला बोलल्याबरोबर कळलं. पण आईने रागावून पाहिलंही नाही. तिची नजर घड्याळावर गेली होती. बारा पंचवीस.

"प्रार्थना करून घ्या," ती घाईघाईने म्हणाली. "पास्टर, लवकर करून घ्या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पास्टरांची प्रार्थना लांब होती. त्यांनी घरासाठी मागितलं, पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं. रितिकाच्या नावापर्यंत ते आले, आणि मधुसूदनने ती हाक ऐकली.

"आई!"

फाटकाकडून. मोठ्याने नाही, घाईतही नाही. आत कोणी आहे का, हे विचारणाऱ्या माणसाने मारावी तशी. शेवटची ई जरा लांबवलेली. ती लांबवलेली ई मधुसूदनने लहानपणापासून ऐकली होती. अशी हाक जगात एकच माणूस मारायचा.

पास्टर थांबले होते. यमुताईंनी डोळे उघडले होते. त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

मधुसूदन उठला आणि धावत बाहेर गेला. बाहेर उन्हाने डोळे मिटले. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. समोरच्या बांधकामावर कोणी नव्हतं. त्याने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. कडी इतकी तापलेली असायला हवी होती की हात भाजावा, पण ती थंड लागली. तो गल्लीत वाकून पाहणार तेवढ्यात दुसरी हाक आली.

"आई!"

ती गल्लीतून आली नाही. तो जिथे उभा होता तिथून आली. त्याच्या तोंडाच्या उंचीवर, त्याच्या गालाशेजारून, घराच्या दिशेने. मारणाऱ्याचा श्वास त्याच्या कानाला लागला.

मधुसूदन कसा आत आला ते त्याला कळलं नाही. तो दारातच जमिनीवर बसला. वीज मंडळात वीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली.

●

रितिकाने हे सगळं पाहिलं, पण तिला काही समजलं नाही.

प्रार्थना मध्येच थांबली म्हणून तिने डोळे उघडले, तर सगळ्यांची तोंडं फाटकाकडे वळलेली. भाऊजी धावत गेले. मग पुन्हा सगळे दचकले, एकाच वेळी. पास्टरांच्या हातातला ग्लास कलंडून पाणी त्यांच्या पँटवर सांडलं. तिला कूलरची घरघर ऐकू येत होती. घड्याळ ऐकू येत होतं. बाकी काही नाही.

आता सगळे थांबले होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग कौशल्याबाईंनी पदराने गळ्याचा घाम पुसला.

"झालं," त्या म्हणाल्या. "दोनच येतात."

"रोज?" पास्टरांनी विचारलं.

"रोज. सात वर्षांपासून. मले वाटे, माह्याच कानाले येते."

"तो हाय," मधुसूदन दारातून म्हणाला. "जितू हाय, आई. मी त्याच्याजवळ उभा होतो. नाही व्हाचं हे लग्न. नवरा फाटकात उभा असताना बायकोचं लग्न कोन लावते?"

"मी बी ऐकलं," यमुताई पुटपुटल्या. मघाच्या त्या राहिल्या नव्हत्या. "देवा रे बापा! वहिनी, तुह्यासारखं थांबलेलंच बरं होतं. सुधाकर सरले मी सांगते काही बी."

"असं करू नका," पास्टर म्हणाले. "देव गेलेल्या माणसाचा आवाज उसना घेऊन बोलत नाही. हे काय आहे मला माहीत नाही. ऐकलं मीही. पण याला देवाची हाक म्हणू नका."

"मी कुठं देवाची म्हणते?" कौशल्याबाई म्हणाल्या. "ते जितूचीच हाय. त्या दिवशीची."

त्यांनी खुर्ची फिरवली. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ फाटकाकडे झाली.

"त्या दिवशी तो वापस आला होता. साडेबाराले. मी कोनाले सांगतलं नाही. मी आत कणीक भिजवून राहिली होती. त्यानं फाटकातून हाक मारली, आई म्हणून. माही माय अंजनाबाई, ते लहानपणी सांगे, भर दुपारच्या पहिल्या हाकेले ओ द्याची नाही, दुसरीले बी नाही. दोनदा हाक मारते थे भूत. मानूस असन त तिसऱ्यांदा मारन. मी बाप्तिस्म्याच्या घरची सून, संडे स्कूलची मास्तरीन, पण मायचं भेव पोटातून गेलं नाही. अन् इकडं मामंजीनं तीनच शिकवलं, धड्यात बी तीनच. मी हात पिठात घालून उभी राहिली. म्हटलं, तिसरी येऊ दे." त्या थांबल्या. "तिसरी नाही आली. बाहीर गेली त फाटक हलून राहिलं होतं."

मधुसूदनने मान वर केली. "अन् पोलिसाले? आमी सगळे वर्धा, अमरावती पालथी घालून राहिलो होतो तवा?"

"काय सांगू गा पोलिसाले? पोरानं हाक मारली अन् मायनं भूत समजून ओ नाही दिली?"

यमुताई रडायला लागल्या. सहसा त्या रडल्या की घरभर ऐकू जायचं, आज आवाज झाला नाही.

"म्हणून मी रोज बसते," कौशल्याबाई म्हणाल्या. "तिसरी मारन त ओ देईन म्हणून. सगळ्याले सांगते देवाची वाट पाहते. देव बी काय म्हणत असन मले."

रितिका सासूजवळ जाऊन खाली बसली. तिला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही इतकं की आधी काय बोलावं ते कळेना. पण आज खरं बोलायचा दिवस होता.

"आई, मला काही ऐकू नाही आलं."

कौशल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आताची?"

"नाही आली."

"दुसरी बी नाही? मधू होता बाहीर, तवाची?"

"नाही, आई. आजची नाही, कधीचीच नाही. सात वर्षं मी रोज दुपारी या दारात उभी राहिली. तुम्ही दचकता ते मला दिसते. मला वाटे, मलाही येईल. मी प्रार्थना केली, की देवा, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मला काहीतरी ऐकू येऊ दे. नाही आलं."

"मंग सांगतलं काहून नाही वं?"

"तुम्ही एकट्या पडल्या असत्या."

कौशल्याबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. खरं बोलते की मन राखते, ते त्या तपासत असाव्यात. संडे स्कूलमध्ये तीस वर्षं पोरांचं खोटं त्यांनी असंच पकडलं होतं. मग त्यांनी रितिकाच्या केसांवरून हात फिरवला, आणि पास्टरांना म्हणाल्या, "रविवारी घोषणा वाचा."

"आई!" मधुसूदन उभा राहिला. "काय बोलून राहिली? आत्ता ऐकलं ना आपण? अन् तिसरी हाक कुठं आली?"

"तिसरी तिसरी करून मी एक लेकरू फाटकातून वापस पाठवलं, मधू. आता हिले बी घालवू? थो धीर नव्हता गा. माहं भेव होतं, मी त्याले धीर म्हणत होती. देवासाठी थांबनाऱ्याले असा घाम नाही येत." त्यांनी श्वास घेतला. "मले हाक येते, मी बसीन. तुले येते त तू बी बस. हिले येत नाही. हिनं कोनासाठी बसावं?"

मधुसूदनने आत्याकडे पाहिलं, पास्टरांकडे पाहिलं. मघाशी या घरात लग्नाच्या बाजूने तो होता आणि आत्या होती, विरोधात आई एकटी. आता आई एकटी बाजूने होती, आणि तिच्यापुढे कोणाचं चालणार नव्हतं. पास्टरांनी मान हलवली.

"मला हे देवाचं वाटतं," ते म्हणाले. "ऐकू न येणंसुद्धा."

"मले माहीत नाही काय देवाचं अन् काय नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमी लिहा."

पास्टरांनी खिशातून वही काढली. पानं पाण्याने भिजली होती, कोरडं पान शोधायला त्यांना वेळ लागला. त्यांनी सुधाकर सरांचं नाव लिहिलं, पुढे विधुर असं लिहिलं. मग रितिकाचं नाव लिहिलं, आणि पेन थांबवलं.

"नावापुढे लिहावं लागतं," ते हळूच म्हणाले. "तीन रविवार मोठ्याने वाचावं लागेल. मी काय लिहू?"

सात वर्षांत तो शब्द या घरात कोणी उच्चारला नव्हता. कोर्टाच्या कागदावर तो इंग्रजीत होता, म्हणून चालून गेला होता. कौशल्याबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळं कबूल करून झालं होतं, पण एवढं त्यांच्याने होईना. मधुसूदनने तोंड फिरवलं. यमुताई पुन्हा फाटकाकडे बघायला लागल्या, जणू आता कोणी येऊन हे थांबवेल.

मग रितिकाच्या लक्षात आलं की हा शब्द तिलाच म्हणायचा आहे.

ती उठून दारात गेली. बाहेर ऊन तसंच होतं, फाटक बंद होतं. त्याने आईला हाक मारली होती. भावाच्या कानाशी मारली होती. यमुआत्यांनी ऐकली, ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही त्या पास्टरांनीही ऐकली. तिचं नाव त्याने घेतलं नव्हतं. हे तिला आजवर कधी इतकं लागलं नव्हतं. मारायची असेल तर आता मार, ती मनात म्हणाली. मी पहिल्या हाकेला ओ देईन, लग्नबिग्न सगळं सोडून देईन, तू फक्त एकदा रितिका म्हण.

ती थांबली. मागे कोणी हललं नाही. कुत्रा उन्हातून उठून आला आणि फाटकाजवळच्या सावलीत जाऊन झोपला.

"विधवा," रितिका म्हणाली. "लिहा, पास्टर."